उजवी कूस

“मध्येच झोप मोडते का, काका?” गाद्यांच्या दुकानातल्या बाईने विचारलं, आणि हे म्हणाले, “दर दोन तासांनी.” तिने हातातल्या कागदावर खूण केली. मी शेजारच्या गादीचा कोपरा दाबून बघत होते, तो हात तसाच दाबलेला राहिला. दर दोन तासांनी असं कुणी म्हणत नाही. माणसं म्हणतात, दोनतीनदा जाग येते, पहाटे डोळा उघडतो, लघवीला उठावं लागतं. दर दोन तासांनी हे आमच्या वॉर्डातलं बोलणं आहे. औषधाचं, तापाचं, पेशंटची कूस बदलण्याचं. हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी एकतीस वर्षं काढली आणि हे तीन शब्द इतक्या वेळा उच्चारले की त्यांचा अर्थ जिभेलाच कळतो, डोक्यापर्यंत जावं लागत नाही. “किती वर्षं होतंय असं?” बाईने विचारलं. “अकरा,” हे म्हणाले. आकडा सांगताना ह्यांचा आवाज नेहमी असाच असतो, ना कमी ना जास्त. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

गादी बदला असं हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ह्यांची कंबर धरायला लागली होती आणि घरातली जुनी गादी मधोमध इतकी खचली होती की दोघं दोन कडांना झोपलो तरी सकाळी मध्ये घरंगळून आलेले असायचो. ह्यांनी महिनाभर निरनिराळी माहितीपत्रकं जमवली होती. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केलेला हा माणूस. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी भाजीवाल्याच्या काट्याखाली अजून वाकून बघतात. दुकानात शिरल्याशिरल्या ह्यांनी बाईला विचारलं, “घनता काय ह्याची?” ती म्हणाली, “मध्यम.” “मध्यम म्हणजे किती?” मग तिला गादी उलटून शिवणीतली चिठ्ठी वाचावी लागली. त्यानंतर ह्यांनी प्रत्येक फोममध्ये अंगठा रुतवून घड्याळ लावलं. ह्या गादीवरचा खळगा भरायला चार सेकंद, त्या गादीवरचा सहा. बाई पदराआड हसावं तशी कागदाआड हसली. मला हसू आलं नाही. बोटाने दाबायचं, सोडायचं आणि खळगा भरतो का बघायचं, हे मीही जन्मभर केलं आहे, पण माणसांच्या कातडीवर. पडून राहिलेल्या माणसाचं माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं. लाल झालेल्या जागेवर बोट दाबलं की ती पांढरी व्हायला हवी आणि सोडलं की परत लाल. पांढरी झाली तर देवाचे आभार मानायचे आणि तेवढी जागा मोकळी ठेवायची. पांढरी झालीच नाही तर समजायचं की आत मांस मरायला लागलं आहे, वरून दिसत नसलं तरी.

“आणि कुशीवर झोपता की पाठीवर?” बाईचा कागद अजून संपला नव्हता. हे म्हणाले, पाठीवर. “आणि काकू?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “ती डाव्या कुशीवर झोपते. पहाटे तीननंतर उजव्या.” मला स्वतःला हे सांगता आलं नसतं. बाईला फार कौतुक वाटलं. ती आम्हाला आतल्या रांगेतल्या एका गादीकडे घेऊन गेली, तिच्यावर थोपटून म्हणाली, “मग ही घ्या. ह्या फोमची गंमत अशी आहे, एकाने कूस बदलली ना, तर दुसऱ्याला कळतसुद्धा नाही.” आणि खात्री पटावी म्हणून तिने गादीच्या एका बाजूला पाण्याचा भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या बाजूला ती स्वतः धपकन बसली. पाणी हललं नाही. हे वाकून पेल्याकडे बघत राहिले. मी मात्र त्या एका शब्दापाशी अडकले होते. आपल्या भाषेने कूस हा एकच शब्द दोन ठिकाणी का वापरला कोण जाणे. माणूस वळतो तीही कूस आणि बाईच्या पोटातली तीही कूस. पहिलीशी माझा रोजचा संबंध होता. दुसरीबद्दल घरात कुणी बोलत नसे. दोनदा राहिलं होतं, दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी तर मी ड्युटीवरच होते आणि ज्या वॉर्डात नोकरी करायची त्याच्याच खालच्या मजल्यावर मला झोपवलं होतं. त्यानंतर ह्यांनी तो विषय कधी काढला नाही. सासूबाईंनी काढला, पण तो एकदाच, आणि तेही आठ महिने अंथरुणात काढल्यावर.

त्यांचा डावा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पुढच्या खोलीत आम्ही त्यांची खाट लावली आणि तिच्या डोक्याशी भिंतीवर मी वॉर्डातल्यासारखा तक्ता टांगला. वेळ, बाजू, सही. दहाला उजवी कूस, बाराला पाठ, दोनला डावी, चारला पाठ, सहाला पुन्हा उजवी. मी घरात असेन तेव्हा माझी पाळी, नसेन तेव्हा ह्यांची, आणि दोघंही नसू तेव्हा शेजारच्या सिस्टरची. ह्यांना तो तक्ता फार आवडला होता. नाकासमोर चालणारा माणूस. नोंद असली की ह्यांना त्या गोष्टीची शंका उरत नाही. आई, आता उजव्या कुशीवर घेतो हं, असं ह्यांनी म्हणायचं, खांदा आणि मांडी एकदम धरून मी शिकवलं होतं तसं वळवायचं, पाठीला उशी लावायची, गुडघ्यांमध्ये दुसरी उशी ठेवायची आणि मग सही करायची. आठ महिने त्यांच्या अंगावर एक लाल ठिपका येऊ दिला नव्हता आम्ही. डॉक्टर मला म्हणाले होते, सिस्टर, तुमच्या घरातलं काम वॉर्डापेक्षा चोख आहे. मी मनातून फुशारले होते.

त्या दिवशी माझी रात्रपाळी होती, त्यामुळे दिवसभर मी घरी होते. हे कामावर गेले होते. दहा वाजता सासूबाईंचं अंग पुसलं, पावडर लावली आणि उजव्या कुशीवर वळवायला त्यांचा खांदा धरला. माझे हात गार असतील, किंवा मी जरा जोरात धरलं असेल. त्या कळवळल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “जिची कूस उजवली नाही, ती दुसऱ्याची कूस काय बदलणार.” एवढंच. रागावूनही नाही, उगाच आपलं बोलून जातं माणूस तसं. आठ महिने पडून राहिलेल्या बाईच्या जिभेवर तिचा तरी ताबा कुठे राहणार? पेशंट सिस्टरला काय काय बोलतात आणि आम्ही कानाआड करतो. एका म्हाताऱ्याने माझ्या अंगावर भांडं फेकलं होतं, तरी त्याची कूस मी वेळेवर बदलली. पण ते शब्द कानाआड झाले नाहीत. मी उशी लावली, तक्त्यावर उजवी असं लिहिलं, सही केली आणि मनात म्हटलं, राहा आता उजवीवरच.

बाराला मी गेले नाही. कपड्यांना इस्त्री करत बसले. मग उठून तक्त्यावर पाठ असं लिहिलं आणि सही केली. दोनला त्यांनी हाक मारली. “अगं, बदल ना.” मी डावी असं लिहिलं. चारला पाठ. चारला त्यांनी पुन्हा हाक मारली आणि नंतर मारली नाही. त्याही मानी होत्या. मी आत पुस्तक उघडून बसले होते, आणि मला तेव्हा वाईट वाटत होतं असं मी म्हणणार नाही. बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्याशिवाय हलता येत नाही आणि मी हलवत नाही, ह्याचं मला बरं वाटत होतं. पावणेसहाला ह्यांच्या येण्याची वेळ झाली तशी मी उठले आणि त्यांना पाठीवर घेतलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. उजव्या खुब्यावर रुपयाएवढी जागा जांभळट लाल झाली होती. मी बोट दाबलं. पांढरी झाली नाही. पुन्हा दाबलं. पावणेआठ तास.

हे सहाला आले, हात धुतले, तक्ता वाचला. मी स्वयंपाकघरात होते. “आई, उजव्या कुशीवर घेतो हं,” मला स्पष्ट ऐकू आलं. मधे फक्त एक भिंत होती. उजवी नको, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण ते बोलले असते तर का नको, हेही सांगावं लागलं असतं, आणि तक्त्यावर माझ्या तीन सह्या होत्या. मी नळ सोडला आणि भांडी विसळायला लागले. सातला मी ड्युटीला निघाले तेव्हा त्या उजव्या कुशीवर होत्या, पाठीला व्यवस्थित उशी लावलेली. मी त्यांच्या खाटेजवळून गेले. वॉर्डात त्या रात्री मी बावीस पेशंटांच्या कुशी वेळच्या वेळी बदलल्या.

सकाळी परत आले तेव्हा हे दारातच उभे होते. “सिस्टर, मी डुलकी काढली,” हे म्हणाले. “आठची पाळी माझी होती. खुर्चीत बसलो आणि डोळा लागला, जागा झालो तर दहा वाजले होते. आईला बघ काय झालंय.” मी बघितलं. काय असेल ते मला माहीत होतं. ह्यांच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणाले, “होतं असं. दमला होतात.” नातेवाइकांशी बोलतो तो आवाज होता तो, वॉर्डातला. बेडसोर खोल गेला, त्यात पू झाला, ताप आला, आणि दोन महिन्यांत सासूबाई गेल्या. त्या दोन महिन्यांत त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही. शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, तरी सांगितलं नाही. का, ह्याचा मी अकरा वर्षं विचार करते आहे. मला वाचवलं असं मानायला मन धजत नाही. स्वतःचे शब्द मुलाला कळू नयेत असंही वाटलं असेल. सगळं खापर ह्यांनी स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. डॉक्टरांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, बहिणीला सांगितलं. वन्संनी तोंडावर म्हटलं, “दादा, तू झोपलास म्हणून आई गेली,” आणि त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. आणि हे चारचौघांत माझं नाव घेऊन सांगतात, हिची नोकरीच ह्या कामाची, पण त्या बाबतीत मला एका शब्दाने बोलली नाही. माणसं माझ्याकडे आदराने बघतात. मी खाली बघते, आणि तोही त्यांना विनय वाटतो.

“दोघंही दहा मिनिटं झोपून बघा,” दुकानातली बाई म्हणाली. “लाजू नका, सगळेच झोपतात. तोवर मी गोदामात फोन करून डबल शिल्लक आहे का विचारते.” तिने पायांखाली प्लॅस्टिक अंथरलं, डोक्याखाली कागदाची खोळ घातलेल्या उशा दिल्या आणि ती गेली. हे बूट काढून पाठीवर झोपले, हात पोटावर. मी शेजारी झोपले. वर दुकानाचं छत, लांबच लांब नळ आणि पांढरे दिवे. पलीकडच्या रांगेत एक जोडपं कुठल्याशा पलंगाच्या खणांवरून हुज्जत घालत होतं. गादी खरंच चांगली होती. खांदा रुतत होता तेवढाच रुतत होता, कंबरेला खालून आधार येत होता. अशा गाद्या वॉर्डात असत्या तर किती माणसांची कातडी वाचली असती, असं मनात आलं. “कशी वाटते, सिस्टर?” ह्यांनी विचारलं.

“तुम्ही दर दोन तासांनी कशाला उठता?” मी विचारलं.

“सवय.”

“कसली सवय?”

“आठ वाजले असं वाटतं आणि जाग येते. मग तू कुठल्या कुशीवर आहेस ते बघतो. परत झोपतो. एखाद्या वेळी तू चार चार तास एकाच कुशीवर असतेस, ड्युटीवरून दमून आलेली असायचीस ना. मग हळूच वळवतो तुला. खांदा आणि मांडी एकदम धरून. तू उठत नाहीस.” आणि मग चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, “काही होत नाही हे कळतं मला. चालत्याबोलत्या माणसाला थोडाच बेडसोर होतो? पण बघितल्याशिवाय राहवत नाही.”

माझा खांदा ह्यांच्या खांद्याला लागत होता. अकरा वर्षं हा माणूस मला अंथरुणात वळवत होता आणि मला पत्ता नव्हता. मला वाटायचं, मला झोप चांगली लागते. ही गादी घेतली तर ह्यांचं उठणं मला आणखीच कळणार नाही. हे उठतील, बघतील, मला वळवतील, खाली फोम सगळं गिळून टाकेल, आणि आम्ही आणखी दहावीस वर्षं सुखाने एका गादीवर काढू. त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं मूग गिळून पडून राहायचं होतं. ह्यांचं माझ्यावर प्रेम आहे हे त्या क्षणी मला कळलं. आणि ते ज्या गोष्टीच्या जोरावर उभं आहे ती मी तीन सह्या करून बनवली आहे, हेही कळलं. सांगितलं तर हे झोपतील. सांगितलं तर मला कदाचित हे उरणार नाहीत. हिशेब साधा होता आणि मला रडू येत होतं. पेशंटला खरं सांगायच्या वेळी आम्ही आधी पडदा ओढतो. इथे पडदा नव्हता. पलीकडचं जोडपं आता रंगावरून भांडत होतं.

“तुमच्या डुलकीच्या दोन तासांनी काही झालं नव्हतं,” मी छताकडे बघत म्हणाले. “दोन तासांनी तसं होत नाही. मी सिस्टर आहे, मला कळतं.”

“मग?”

“त्या दिवशी मी त्यांची कूस बदललीच नाही. दहाला उजवीवर घेतलं, ते पावणेसहापर्यंत.”

ह्यांनी मान वळवली नाही. श्वास मात्र बदलला. शेजारी झोपणाऱ्याला तेवढं कळतं. “तक्त्यावर होतं,” हे म्हणाले. “बारा, दोन आणि चार. तीन नोंदी.”

“त्या मी केल्या होत्या. नुसत्या.”

“तिन्हींवर तुझी सही होती.”

“हो.”

“आणि सहाला मी आलो, आणि परत उजवीवर घेतलं.”

“हो.”

“तू स्वयंपाकघरात होतीस.”

“हो.”

“मी आईशी बोललो. उजवीवर घेतो म्हणून. ते ऐकलं होतंस तू?”

हा प्रश्न एवढ्या वर्षांत मी स्वतःलाही विचारला नव्हता. म्हणजे विचारला होता, पण उत्तर यायच्या आत नळ सोडला होता. “ऐकलं होतं,” मी म्हणाले.

का ते हे विचारतील म्हणून मी थांबले. कारण माझ्यापाशी तयार होतं. अकरा वर्षं मी ते घासूनपुसून ठेवलं होतं, एकेका शब्दासकट, सासूबाईंच्या आवाजासकट. कुणी ऐकलं असतं तर त्याच्या काळजात चर्र झालं असतं आणि त्याने मला माफही केलं असतं. ह्यांनी विचारलं नाही. आणि न विचारता ते सांगणं म्हणजे ह्यांच्याकडून आईही काढून घेणं होतं. मी ते शब्द गिळले. पहिल्यांदाच ते माझ्या पोटात जाऊन नीट बसले, कुठे टोचले नाहीत.

हे उठून बसले. माझ्याकडे पाठ होती. ह्यांनी बूट ओढून घेतले, डाव्याची नाडी बांधली, उजव्याची बांधली, मग डाव्याची सोडून परत बांधली. मी ह्यांच्या पाठीकडे बघत पडून राहिले. आधी मला वाटलं, हे रडत आहेत. पण तसं नव्हतं. खांदे हलत होते ते नुसते खाली येत होते, थोडे थोडे. प्लास्टर कापल्यावर माणसाचा हात असा खाली येतो, इतके दिवस कशात होता ते त्यालाही तेव्हाच कळतं. त्या ओझ्याखाली वाकलेल्या ह्यांना मी इतकी वर्षं बघत आले होते की ते नसताना हा माणूस कसा बसतो हे मी विसरले होते. असे हे मला पहिल्यांदा बघायला आले होते तेव्हा बसले होते. मी हात पुढे केला आणि पाठीपर्यंत नेऊन मागे घेतला.

बाई लगबगीने परत आली. “आहे हो डबल, शेवटचीच आहे,” ती म्हणाली. “बघा, दोघांनाही आवडली वाटतं. मग डबलच लिहू ना, काका?”

“मला नका विचारू,” हे म्हणाले. ह्यांचा आवाज शांत होता. “ह्या बाईंना विचारा. त्यांना गाद्यांतलं कळतं.”

बाईला वाटलं, ही नवराबायकोची थट्टा. ती माझ्याकडे बघून हसली. मीही उठून बसले. ह्यांच्या तोंडात मी ‘ही’ होते, ‘ती’ होते, ‘सिस्टर’ होते. रागावले की नुसतीच ‘काय गं’ होते. ‘ह्या बाई’ मी कधीच नव्हते. हे माझ्याकडे न बघता दाराकडे चालायला लागले, सावकाश, कंबर न धरता, आणि दाराशी जाऊन उभे राहिले. गेले नाहीत. पण मागेही बघितलं नाही. बाईने कागदावर लेखणी टेकवली होती आणि ती वाट बघत होती.

“दोन सिंगल लिहा,” मी म्हणाले. “माझी कुठलीही चालेल. ह्यांची मात्र नीट बघून द्या. ह्यांना आता मध्ये उठायचं नाहीये.”